मेजवानीला कोण आले, कोण बाहेर राहिले: अमेरिकन शाळांतल्या ‘प्रॉम’ची गोष्ट



वाचनासाठी शास्त्रभाग: लूक १४:१२-२४ आणि याकोब २:१-९

आपल्या मंडळीतल्या कितीतरी घरांतली भाचरे, पुतणे, नातवंडे आज अमेरिकेत शिकत आहेत. एप्रिल-मे महिना आला की त्यांचे फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात. मुलगा काळ्या सुटात, मुलगी पायघोळ झग्यात, तिच्या मनगटावर फुलांचा गुच्छ आणि मागे भाड्याने आणलेली लांबलचक गाडी. बघणाऱ्या आजीला क्षणभर वाटते, नातीचे लग्न आम्हाला न कळवताच उरकले की काय! मग कोणीतरी समजावून सांगते, लग्न नव्हे आजी, शाळेचा ‘प्रॉम’ आहे.

आता ही गोष्ट केवळ तिकडची राहिलेली नाही. मोठ्या शहरांतल्या काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांत निरोप समारंभाला ‘प्रॉम नाइट’ म्हणू लागले आहेत. मुले सिनेमे पाहतात, मालिका पाहतात आणि आपल्यालाही तसेच हवे म्हणतात. तरुण संघात विचारणा होते, “असल्या कार्यक्रमाला जाणे पाप आहे का?” पालक विचारतात, “पाठवावे की नाही?” हो किंवा नाही म्हणण्याआधी या प्रथेचा इतिहास नीट वाचावा असे आम्हाला वाटले. वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. मंडळ्या पुष्कळ वर्षे एकाच प्रश्नावर वाद घालत राहिल्या, मुलांनी नाचावे की नाही. पण मुलांना जे खरोखर टोचत होते ते निराळे होते. मला कोणी बोलावेल का? माझ्याकडे घालायला काय आहे? मी एकटीच घरी राहिले तर? आज तोच इतिहास आपल्यापुढे ठेवीत आहोत.

शब्द कोठून आला

‘प्रॉम’ हे ‘प्रॉमनेड’ या शब्दाचे लहान रूप. प्रॉमनेड म्हणजे मिरवत चालणे. जुन्या काळी मोठ्या घरांतल्या नृत्यसमारंभाच्या आरंभी पाहुणे जोडीजोडीने सभागृहातून चालत जात, म्हणजे कोण कोणाबरोबर आले आहे हे सर्वांना दिसे. नाच नंतर, आधी मिरवणूक. प्रथेचा मूळ स्वभाव तिच्या नावातच आहे. आपण कोणाबरोबर आलो आणि कसे दिसतो, हे चारचौघांत दाखवण्याचा तो प्रसंग होता.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या महाविद्यालयांत असे समारंभ होऊ लागले. त्याचा एक जुना उल्लेख १८९४ सालचा आहे. अॅमहर्स्ट कॉलेजच्या एका विद्यार्थ्याने आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले आहे की, जवळच्याच स्मिथ कॉलेजच्या ‘प्रॉम’चे त्याला आमंत्रण आले. स्मिथ हे मुलींचे महाविद्यालय. अॅमहर्स्ट १८२१ साली स्थापन झाले ते गरीब पण भक्तिमान तरुणांना शिकवून सुवार्तेच्या सेवेसाठी तयार करावे या हेतूने.

आपल्या वाचकांना हा परिसर परका नाही. न्यू इंग्लंड म्हणतात तो हा भाग. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती इथल्याच मंडळ्यांनी पाठवले होते आणि त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगरला आयुष्य घालवणारे रॉबर्ट ह्यूमसाहेब मुंबईत जन्मले, पण शिकले येल विद्यापीठात. १८९४ च्या दैनंदिनीतली ती नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, नारायण वामन टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. एकाच समाजातून एकीकडे आपल्याकडे शुभवर्तमान येत होते, आणि दुसरीकडे त्याच समाजातली तरुण मुले मिरवण्याची नवी रीत शिकत होती. माणसांचे समाज असेच असतात, आपलाही तसाच आहे.

महाविद्यालयातून शाळेत

प्रॉम शाळेपर्यंत आला तो शाळाच बदलल्यामुळे. १९१० साली अमेरिकेत अठरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम नऊ मुले हायस्कूल पुरे करीत. बाकीची शेतावर, गिरणीत, खाणीत कामाला लागलेली असत. १९४० पर्यंत हेच प्रमाण निम्म्यावर पोचले. तीस वर्षांत सबंध पिढी कामावरून उठून वर्गात येऊन बसली. त्यात इटलीहून, पोलंडहून, रशियाहून आलेल्या स्थलांतरितांची मुले होती, शेतकऱ्यांची होती आणि दुकानदारांचीही होती.

श्रीमंत घराण्यांत उपवर मुलीला समाजापुढे आणण्यासाठी मोठा नृत्यसमारंभ करीत. तिथे तिने कसे चालावे, कसे बोलावे, काय नेसावे याचे नियम ठरलेले असत. सामान्य घरातल्या मुलीला असले काही मिळणे शक्य नव्हते. शाळेचा प्रॉम म्हणजे तो समारंभ सर्वांना खुला करून देण्यासारखे होते. मुलांना चारचौघांत वागायचे वळण लागावे, जेवणाच्या मेजावर कसे बसावे हे कळावे, मुलामुलींनी वडील माणसांच्या देखत सभ्यपणे एकमेकांशी बोलावे, असा शिक्षकांचा हेतू होता. सुरुवातीचे कितीतरी प्रॉम शाळेच्या व्यायामशाळेत, रंगीत कागदाच्या माळा लावून झाले. कपडे रविवारी देवळात जायचे, खाणे घरून केलेले.

हेतू चांगला होता. पण दार सर्वांना उघडे आहे म्हटले, तरी आत येण्याचा खर्च सर्वांना सारखा झेपत नाही. १९३० च्या दशकात महामंदी आली. घरोघर वडिलांचे काम सुटलेले. शिकागोतल्या काही मुख्याध्यापकांनी तेव्हा प्रॉम बंद करण्याची भाषा केली. ज्यांना परवडणार नाही त्या मुलांच्या मनाला जखम होईल ही त्यांची चिंता होती. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या मुख्याध्यापकांनी आजच्या पुष्कळ पालकांच्या आधी दुखणे ओळखले होते असे आम्हाला वाटते.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय इथे आठवतो. सभेत एक माणूस सोन्याची अंगठी घालून, भपकेदार पोशाखात येतो आणि दुसरा मळक्या कपड्यांत. पहिल्याला चांगली जागा मिळते, दुसऱ्याला पायाशी बसायला सांगतात. याकोबाने हे बाहेरच्या लोकांना लिहिलेले नाही, विश्वासणाऱ्यांच्या सभेला लिहिले आहे.

वाट पाहणारी मुलगी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पैसा आला. घरोघर मोटारी आल्या. ‘टीनेजर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी बसला तोही याच सुमारास. १९४४ साली ‘सेव्हन्टीन’ नावाचे, खास किशोरवयीन मुलींसाठी काढलेले मासिक सुरू झाले. व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की या वयाच्या मुलांच्या हातात थोडे पैसे आहेत आणि मनात पुष्कळ धास्ती आहे. धास्तीवर माल चांगला खपतो. प्रॉम शाळेच्या व्यायामशाळेतून हॉटेलात गेला. झगा, बूट, केशभूषा, फुले, छायाचित्रकार, गाडी अशी यादी लांबत गेली.

याच काळात काही अलिखित नियम पक्के झाले. आमंत्रण मुलाने द्यायचे. मुलीने वाट पाहायची. एकटे जाणे म्हणजे नामुष्की. मग रात्रीच्या शेवटी मुलांच्या मतांनी एक ‘राजा’ आणि एक ‘राणी’ निवडायची आणि त्यांना मुकुट घालायचा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने आठवडेच्या आठवडे फोनची वाट पाहावी, आईने उगाच दारात घुटमळावे, वडिलांनी काही न बोलता वर्तमानपत्रात तोंड घालावे, अशी घरे हजारो असतील. मुलांचे दडपणही काही कमी नव्हते. विचारायला जावे आणि नकार मिळावा, तोही सगळ्या वर्गाला कळावा! खिशात पैसे नाहीत हे कोणाला सांगताही येत नाही.

हॉलिवूडने हे दुखणे ओळखून त्यावर चित्रपटांची रांग लावली. १९७६ चा ‘कॅरी’ आणि १९८६ चा ‘प्रिटी इन पिंक’ हे अगदी वेगळ्या जातीचे चित्रपट आहेत, एक भयपट आणि दुसरा प्रेमकथा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच भीती आहे, तिथे सर्वांसमोर माझी फजिती होईल ही. या चित्रपटांनी आणखी एक काम केले. प्रॉम ही आयुष्यातली एकमेव मोठी रात्र आहे, ती चुकली तर तारुण्यच चुकले, ही समजूत त्यांनी जगभर पोचवली. आपल्या मुलांनी ती तिथूनच उचलली आहे.

उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात लेआची गोष्ट आहे. धाकटी बहीण देखणी, लेआला कोणी मागणी घालत नाही, आणि शेवटी बापाने तिला फसवणुकीने दुसऱ्याच्या पदरात बांधले. पण पुढे पवित्र शास्त्र काय सांगते? ती नावडती आहे हे देवाने पाहिले. यहूदा तिच्याच पोटी आला आणि त्याच वंशात पुढे आपला तारणारा जन्मला. कोणी आमंत्रण दिले नाही म्हणून घरी बसलेल्या मुलीला सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट आम्हाला ठाऊक नाही.

मंडळ्या काय करीत होत्या

आता आपल्या घरची बाजू पाहू. बेळगावात लंडन मिशननंतर अमेरिकन मेथडिस्ट मिशन आले, आणि इथल्या जुन्या कुटुंबांत नाच, पत्ते, नाटक यांवरच्या बंदीच्या आठवणी अजून सांगतात. त्या बंदीलाही इतिहास आहे. १८७२ साली अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल मंडळीने आपल्या शिस्तीच्या पुस्तकात नाच, नृत्यशाळा, नाटके, शर्यती, सर्कस अशा गोष्टी नावे घेऊन निषिद्ध केल्या. १९२४ साली ती यादी सैल करून सभासदाच्या सदसद्विवेकावर जास्त भार टाकला गेला. इतर कितीतरी मंडळ्यांत बंदी पुढेही चालू राहिली. इलिनॉय राज्यातल्या व्हीटन कॉलेज या नामांकित ख्रिस्ती महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा पहिला अधिकृत नृत्यसमारंभ झाला तो २००३ मध्ये.

ओक्लाहोमा राज्यात एल्मोर सिटी नावाचे छोटे गाव आहे. तिथे गाव वसले तेव्हापासून सार्वजनिक नाचाला मनाई होती. १९८० साली हायस्कूलच्या मुलांनी शाळा समितीकडे प्रॉमची परवानगी मागितली. पाळकांनी विरोध केला, गावात दोन तट पडले, शेवटी परवानगी मिळाली आणि गावातला पहिला प्रॉम झाला. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली. १९८४ चा ‘फुटलूज’ हा चित्रपट याच घटनेवरून सुचला.

नाचाबद्दल शास्त्र काय म्हणते यावर मंडळ्यांत पूर्वीपासून मतभेद आहेत. समुद्र पार केल्यावर मिर्याम डफ घेऊन नाचली. दावीद कोशापुढे नाचला. हरवलेला मुलगा परत आला तेव्हा बापाच्या घरातून नाचगाण्याचा आवाज येत होता. दुसरीकडे हेरोदाच्या मेजवानीत एका मुलीच्या नाचापायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर गेले. नाच कोणापुढे आणि कशासाठी चालला आहे यावर बरेच अवलंबून आहे, एवढे तरी यावरून दिसते.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. पुष्कळ ख्रिस्ती शाळांनी नाच टाळण्यासाठी प्रॉमऐवजी ‘बँक्वेट’, म्हणजे नुसती मेजवानी, ठेवली. नाच गेला. झगे राहिले, फुले राहिली, कोण कोणाला बोलावतो ही धाकधूक राहिली. पायांवर बंदी घातली तरी तुलना थांबली नाही.

रंगावरून वेगळी मेजवानी

या इतिहासातला सर्वांत लाजिरवाणा भाग दक्षिणेतल्या राज्यांतला आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणे घटनाविरोधी ठरवले. पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात शाळा एक व्हायला १९७० उजाडले. मुले एका वर्गात बसू लागली, एका संघातून फुटबॉल खेळू लागली. मग प्रॉमचे काय? गोऱ्या मुलाने काळ्या मुलीबरोबर नाचावे ही कल्पनाच कित्येक पालकांना सहन होईना. तेव्हा कितीतरी शाळांनी प्रॉम भरवणेच सोडून दिले. पालकांनी खासगी जागा घेऊन प्रॉम भरवले, गोऱ्यांचा एक आणि काळ्यांचा एक. शाळेचा कार्यक्रमच नाही म्हटल्यावर कायद्याचा प्रश्न आला नाही.

मिसिसिपीतल्या चार्ल्स्टन गावी हे कित्येक दशके चालले. चित्रपट अभिनेते मॉर्गन फ्रीमन तिथलेच. १९९७ मध्ये त्यांनी गावाला सांगितले, सर्व मुलांचा मिळून एक प्रॉम करा, खर्च मी देतो. कोणी ऐकले नाही. २००८ मध्ये त्यांनी पुन्हा तेच सांगितले आणि या वेळी शाळेने मान्य केले. त्या वर्षी तिथे पहिला एकत्र प्रॉम झाला. तरी काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा कार्यक्रम केलाच. या सर्वावर पुढच्या वर्षी एक माहितीपट आला.

जॉर्जियातल्या विल्कॉक्स काउंटीत तर २०१३ पर्यंत प्रॉम वेगळे होते. त्या वर्षी चार मैत्रिणींनी, दोन काळ्या आणि दोन गोऱ्या, एकत्र प्रॉम करायचे ठरवले. त्यांनी स्वतः पैसे गोळा केले, देशभरातून मदत आली आणि कार्यक्रम झाला. पुढच्या वर्षापासून शाळेने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. मोठ्यांना चाळीस वर्षांत जे जमले नाही ते शाळकरी मुलींनी एका वर्षात केले.

हा सगळा प्रदेश देवळांनी भरलेला आहे. दर रविवारी तिथे प्रभुभोजनाचे मेज मांडले जाते. म्हणून आपण त्यांच्याकडे बोट दाखवू नये. आपल्या मंडळ्यांतही ‘ते कुठल्या गावचे, मूळचे कोण’ हा प्रश्न सोयरिकीच्या वेळी अजून कानावर येतो. एकाच प्याल्यातून घेणारे लोक लग्नाच्या पंगतीला वेगळे का होतात, हे आपल्या मुलांना दिसत असते.

पैशाची गोष्ट

अलीकडच्या काळात सर्वांत वाढले ते खर्चाचे दडपण. व्हिसा या कंपनीच्या पाहणीप्रमाणे २०१५ साली प्रॉमला जाणाऱ्या मुलामागे अमेरिकन कुटुंब सरासरी ९१९ डॉलर खर्च करणार होते. त्यातले ३२४ डॉलर तर निव्वळ आमंत्रण देण्याच्या थाटावर! ‘प्रॉमपोझल’ म्हणून ही नवी रीत आली आहे. मुलाने मुलीला साधे विचारायचे नाही. फलक, फुगे, फुले, वाद्ये लावून, सर्वांसमोर विचारायचे आणि त्याचे चित्रण इंटरनेटवर टाकायचे. इतक्या लोकांदेखत विचारल्यावर मुलगी नाही कशी म्हणणार? जुन्या काळी वाट पाहण्याचे दडपण होते, आता होकाराचेही आहे. याच पाहणीत कमी उत्पन्नाची कुटुंबे सधन कुटुंबांपेक्षा जास्त खर्च करू पाहतात असेही दिसले. आम्हाला याचे नवल वाटले नाही. आपल्या लेकराला कोणी कमी लेखू नये म्हणून गरीब आईबापच कर्ज काढतात. आपल्याकडच्या लग्नांत हे रोज दिसते.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर केलेनबर्ग मेमोरियल नावाचे कॅथोलिक हायस्कूल आहे. मेरियनिस्ट धर्मबंधू ते चालवतात. तिथल्या ४६ विद्यार्थ्यांनी प्रॉमनंतरच्या पार्टीसाठी समुद्राकाठच्या श्रीमंत वस्तीत २०,००० डॉलर भाड्याचे घर ठरवल्याचे मुख्याध्यापक ब्रदर केनेथ होगलंड यांना कळले. २००५ च्या शरद ऋतूत त्यांनी पालकांना पत्र लिहून शाळेचा प्रॉमच रद्द केला. दारू आणि इतर गैरप्रकारांची काळजी होतीच. पण त्यांचा मुख्य आक्षेप संपत्तीच्या प्रदर्शनावर होता. ज्या शाळेत आपण ख्रिस्ताचे नाव घेतो तिथे असला उधळेपणा आम्ही आमच्या नावाने होऊ देणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. देशभर त्याची चर्चा झाली. काही पालक रागावले, कितीकांनी आभार मानले.

याच्या शेजारी एक जुने उदाहरण ठेवतो. ३१ मे १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांची मुलगी सुझन हिच्या वर्गाचा प्रॉम व्हाइट हाउसमध्ये झाला. जगातल्या सर्वांत सत्तावान माणसाच्या घरी! पण खर्च सरकारने केला नाही, वर्गातल्या मुलींनीच पैसे उभे करून तो दिला. एवढ्या मोठ्या वाड्यातही हिशेब आपला आपण द्यायचा, हे वळण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला खडसावले ते याच कारणासाठी. एकत्र जेवायला जमायचे आणि एकाने भरपेट खाऊन झिंगावे, दुसऱ्याने उपाशी बघत बसावे. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, हे पौलाचे दुखणे होते.

रात्र आणि परतीचा रस्ता

प्रॉमच्या रात्री दारू पिऊन गाडी चालवल्याने किती तरुण जीव गेले याचे दुःख अमेरिकेत फार मोठे आहे. त्यातून काही चांगली कामे उभी राहिली. मेन राज्यातल्या ऑक्सफर्ड हिल्स भागात अशा मृत्यूंनंतर १९८० साली पालकांनी आणि शाळेने मिळून मुलांसाठी रात्रभर चालणारा, दारू नसलेला कार्यक्रम ठेवला. पुढे ही पद्धत इतर राज्यांत गेली. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वेलँड गावी रॉबर्ट अॅनास्टस नावाच्या शिक्षकाने अपघातात विद्यार्थी गमावल्यावर मुलांचीच एक संघटना काढली. तिच्यात एक साधा करारनामा होता. मुलाने लिहून द्यायचे, मी प्यायलो असेन किंवा गाडी चालवणारा प्यायलेला असेल तर मी घरी फोन करीन. आईबापांनी लिहून द्यायचे, कितीही वाजले असोत, आम्ही न्यायला येऊ आणि त्या वेळी एक शब्द बोलणार नाही. बोलणे पुढे सावकाश होईल.

आम्हाला हा करार फार मोलाचा वाटतो. आपल्या घरांत शिस्त आहे, पण मूल अडचणीत सापडले तर घरी फोन करायला धजेल का? “बाबा मारतील” या भीतीने जे मूल भलत्याच गाडीत बसते त्याचे काय? हरवलेल्या पुत्राच्या बापाने मुलगा दूर असतानाच त्याला पाहिले आणि धावत गेला. हिशेब विचारायला तो दारात उभा राहिला नव्हता.

ज्यांनी दार उघडले

फ्लोरिडात रिबेका कर्टमन नावाची शाळकरी मुलगी होती. झगा घ्यायला पैसे नाहीत म्हणून मुली प्रॉमला जात नाहीत हे तिच्या ध्यानी आले. तिने एकदाच वापरून कपाटात ठेवलेले झगे लोकांकडून मागून घेतले आणि अडीचशेहून अधिक मुलींना दिले. २००३ मध्ये सोळाव्या वर्षी मोटार अपघातात ती गेली. घरच्यांनी आणि मैत्रिणींनी तिचे काम ‘बेकाज क्लॉझेट’ नावाने चालू ठेवले.

दुसरे काम मंडळ्यांचे आहे. फुटबॉलपटू टिम टीबो यांच्या संस्थेने २०१५ साली ‘नाइट टू शाइन’ सुरू केले. चौदा वर्षांवरील मतिमंद, अपंग, विशेष गरजा असलेल्या मुलामाणसांसाठी प्रॉमची एक रात्र. पहिल्या वर्षी ४४ मंडळ्यांनी ती आपापल्या ठिकाणी भरवली, पुढे ती अनेक देशांत पोचली. पाहुण्यांच्या केसांची निगा मंडळीतल्या बहिणी राखतात, भाऊ त्यांचे बूट चमकवतात, लाल गालिच्यावर त्यांचे टाळ्यांनी स्वागत होते. रात्रीच्या शेवटी राजा-राणीची निवडणूक होत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर मुकुट ठेवला जातो.

लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो की, मेजवानी कराल तेव्हा जे परत बोलावतील अशांना बोलावू नका. दरिद्री, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलवा. प्रॉमच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात हा अध्याय कोणी शब्दशः आचरणात आणला असेल तर या मंडळ्यांनी.

आपण काय करावे

आपल्याकडे दहावी-बारावीच्या निरोप समारंभाला मुली आईची साडी नेसून जातात. ही रीत आम्हाला आवडते. आईच्या कपाटातली साडी सर्वांकडे असते. पण आता त्यासाठीही नवी साडी, पार्लर आणि फोटोवाला लागू लागला आहे. नाताळचे कपडे, पहिल्या प्रभुभोजनाचा किंवा दृढीकरणाचा पोशाख, वाढदिवस, सगळीकडे हेच आहे. म्हणून काही साध्या सूचना.

पालकांनी मुलांशी खर्चाबद्दल उघड बोलावे. किती देता येईल हे आधीच सांगावे आणि त्याची लाज बाळगू नये. मुलीला कोणी बोलावले नाही, मुलाला नकार आला, तर त्याची थट्टा घरात तरी होऊ नये. जायचे तर मैत्रिणींच्या, मित्रांच्या गटाने जावे, म्हणजे कोणी एकटे राहत नाही. रात्री न्यायला कोण येणार हे निघण्याआधी ठरलेले असावे. अमेरिकेतल्या आपल्या नातवंडांना फोन करताना “छान दिसतेस” एवढ्यावर थांबू नये. तुझ्या वर्गातले कोण आले नाही, असेही एकदा विचारावे.

आणि मंडळीने? तरुण संघाने निरोपाची मेजवानी स्वतःच ठेवावी असे आम्हाला वाटते. वर्गणी नको. कपडे रविवारचे. शाळा सोडून कामाला लागलेल्या मुलांना आणि घरात बसून असलेल्या अपंग मुलांना पहिले आमंत्रण जावे, तेही घरी जाऊन दिलेले. नंतर बाकीच्यांची यादी करावी.

प्रार्थना करू या. हे स्वर्गीय पित्या, आमच्या मुलामुलींना तू नावाने ओळखतोस. आज ज्याला कोणी बोलावले नाही त्याच्याजवळ तू राहा. आम्हा आईबापांना दिखाव्याच्या भीतीतून सोडव. आमच्या मेजाशी कोणाची जागा रिकामी आहे ते आम्हाला दाखव, आणि उठून त्याला घेऊन येण्याची शक्ती दे. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.